वजन कमी करताना बाहेर जेवायचं असेल तर काय करायचं, कधी करायचं आणि लोक नेमके कुठे चुकतात

डाएट चालू असताना बाहेर जेवायला जायचं ठरलं की बरेच जण ठरलेल्या क्रमाने चुकतात. दिवसभर जवळजवळ उपाशी राहतात, कडकडून भूक लागलेली असताना टेबलवर बसतात, मेनू तिथेच पहिल्यांदा उघडतात, बाकीचे मागवतील तेच मागवतात आणि घरी आल्यावर "आजचं तर गेलंच, आता सोमवारपासून" म्हणून उरलेला वीकेंडही सोडून देतात. खरं सांगायचं तर यात त्या एका जेवणाने होणारं नुकसान सगळ्यात कमी असतं, जास्त महागात पडते ती आधीची उपासमार आणि नंतरचं सोडून देणं.

म्हणून खाली जो क्रम दिलाय तो तसाच पाळा. पहिल्या तीन स्टेप्स घरी, पोट शांत असताना करायच्या आहेत, त्या टेबलवर बसून करायला गेलात तर होत नाहीत, कारण भुकेल्या माणसाला मेनूतलं सगळंच चांगलं दिसतं.

आधी हे वाचा: इन्सुलिन किंवा डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर जेवण मागेपुढे करणं, टाळणं, अर्धं करणं हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते. वजन कमी करायची इंजेक्शनं घेत असाल तर एका वेळी भरपूर आणि तेलकट खाल्लं की मळमळ, उलटी होण्याची शक्यता जास्त असते, तुम्ही पोर्शन सुरुवातीपासूनच छोटा ठेवा.

## १. आठवड्याचा हिशोब मांडा, एका जेवणाचा नको

समजा तुमचा प्लॅन रोज गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी खायचा आहे, म्हणजे आठवड्याची तूट ३५०० झाली. आता शनिवारी रात्री बाहेर तुम्ही प्लॅनपेक्षा १००० कॅलरी जास्त खाल्ल्या तर तूट २५०० उरते. वजन थोडं हळू उतरेल, पण उतरेल. तेच शुक्रवार, शनिवार, रविवार तिन्ही दिवस १२०० जास्त गेल्या तर ३६०० होतात आणि आठवड्याची अख्खी तूट संपते. सोमवार ते गुरुवार सगळं अगदी मापात खाऊनही काटा का हलत नाही असं जे लोक विचारतात ना, त्यांनी आधी हे तीन दिवस कागदावर लिहून बघावेत.

तर आठवडा सुरू होतानाच बघा की बाहेरचं जेवण किती वेळा आहे, आणि त्याचे दोन भाग करा. एक रुटीनचं: ऑफिसमध्ये डबा नाही, प्रवासात आहे, घरी करायला वेळ नाही. दुसरं खास: लग्न, वाढदिवस, खूप दिवसांनी भेटलेले मित्र. रुटीनच्या जेवणात घरच्यासारखंच साधं खायचं, तिथे मजा शोधायची नाही. खास जेवणात आवडीचं खायचं, फक्त किती ते आधी ठरवून. माझं स्पष्ट मत आहे की आठवड्याला एक, फार तर दोन जेवणं खास धरावीत. सगळ्यात कॉमन चूक इथेच होते, की मंगळवारचं कंटाळा आला म्हणून मागवलेलं जेवणही खास ठरतं, आणि मग खास असं काही राहतच नाही.

खास जेवणासाठी जागा करायची असेल तर आधीच्या दोन-तीन दिवसांत रोज १००-१५० कॅलरी कमी करा. एखादं गोड पेय, एक चमचा तेल, दुपारचं बिस्किट, एवढ्यातच होतं ते. अख्खं जेवण गाळायचं नाही.

चेक: या आठवड्यातलं खास जेवण कोणतं, हे तुम्हाला आत्ता सांगता येतंय का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. मेनू घरी बघा आणि दोन पर्याय ठरवा

बहुतेक हॉटेलांचा मेनू फोनवर सापडतो. निघण्याआधी पाच मिनिटं काढा, एक मुख्य पर्याय आणि तो नसेल तर दुसरा असे दोन पदार्थ ठरवा, फोनमध्ये लिहून ठेवा. लिहून ठेवा हे मुद्दाम सांगतोय, कारण मनात ठरवलेलं पाच मित्रांच्या ऑर्डरी ऐकल्या की बदलतं.

मोठ्या चेनच्या मेनूवर बऱ्याच देशांत कॅलरी छापाव्याच लागतात, अमेरिकेत मे २०१८ पासून, इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून. आकडे असतील तर जरूर वापरा पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. अमेरिकेत २०११ मध्ये संशोधकांनी रेस्टॉरंटमधले २६९ पदार्थ लॅबमध्ये मोजले, तेव्हा सरासरीत छापील आकडे बरोबर निघाले, पण १९ टक्के पदार्थांत सांगितल्यापेक्षा १०० किंवा जास्त कॅलरी निघाल्या. आचाऱ्याचा हात रोज सारखा नसतो, तेल कधी जास्त पडतं कधी कमी. म्हणून छापील आकड्यावर २० टक्के वाढवून धरा.

आकडे नसतील तर पदार्थाचं वर्णन वाचा. क्रिस्पी, क्रीमी, चीजी, लोडेड, बटर, ग्लेझ्ड, डीप फ्राइड, यातला एक शब्द दिसला तरी फॅट किंवा साखर भरपूर आहे असं समजा. ग्रिल्ड, स्टीम्ड, भाजलेलं, उकडलेलं, क्लिअर सूप, हे बरे पर्याय. ग्रिल्डच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, वरून बटर किंवा तेल फिरवण्याची पद्धत बऱ्याच किचनमध्ये असते, ते विचारून घ्यावं लागतं.

तेलाबद्दल थोडं जास्त बोलतो कारण हिशोब चुकतो तो इथेच. एक ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी असतात, प्रोटीन आणि कार्बमध्ये ४. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम, म्हणजे जवळपास १२० कॅलरी. हॉटेलच्या पॅनमध्ये एका प्लेटसाठी असे दोन-तीन चमचे सहज जातात, आणि ते पदार्थात मुरलेले असतात त्यामुळे ताटात बघून कळत नाही. भात किंवा ब्रेड किती खाल्ला हे सगळे मोजतात, तेल कोणी मोजत नाही.

आता सॅलडचं उदाहरण घ्या, कारण "मी तर फक्त सॅलड घेतलं" हे वाक्य खूप ऐकू येतं. पानं आणि भाज्या ३० कॅलरी. १२० ग्रॅम ग्रिल्ड चिकन साधारण २००. तेलाचं ड्रेसिंग तीन मोठे चमचे, २४० च्या आसपास. चीज ३० ग्रॅम, १२०. वरून मूठभर नट्स, १८०. बेरीज ७७० झाली. शेजारच्याने मागवलेला ग्रिल्ड मासा, उकडलेला बटाटा आणि थोडं बटर लावलेल्या भाज्या बहुतेक वेळा ५०० च्या आसपास राहतात आणि त्यात पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं. सॅलड वाईट नाही, पण सॅलड हे नाव बघून ऑर्डर करू नका, आत काय आहे ते बघा. याच सॅलडमधलं ड्रेसिंग वेगळं मागवून एकच चमचा घातलं आणि नट्स निम्मे केले तर २५० कॅलरी वाचतात, चव फार बदलत नाही.

व्हेज खाणाऱ्यांसाठी वेगळी अडचण असते, बऱ्याच मेनूत व्हेज म्हणजे चीज आणि मैदा एवढंच असतं. तिथे कडधान्यं, टोफू, अंडं चालत असेल तर अंडं, दही असं काहीतरी शोधून ठेवा, नाहीतर जेवणात प्रोटीन शून्य आणि दोन तासांनी परत भूक.

चेक: दोन पदार्थ फोनमध्ये लिहिले का? गोड खायचंय की नाही हेही आत्ताच ठरवा.

## ३. उपाशी जाऊ नका

"रात्री बाहेर जायचंय म्हणून दुपारी काही खाल्लं नाही" हा प्लॅन नाही. सात-आठ तास पोटात काही नसलं की पहिल्या दहा मिनिटांत समोर येईल ते खाल्लं जातं, आणि ते नेमकं ब्रेड, तळलेलं स्टार्टर असं काहीतरी असतं.

सकाळचं आणि दुपारचं जेवण वेळेवर करा, फक्त त्यात तेल आणि कार्ब थोडं कमी, प्रोटीन आणि भाज्या नेहमीइतक्याच. निघण्याआधी तास-दीड तास १५० ते २०० कॅलरीचं काहीतरी खा: दोन उकडलेली अंडी, किंवा वाटीभर घट्ट दही, किंवा एखादं फळ आणि थोडे नट्स. एक-दोन ग्लास पाणी प्या. टेबल उशिरा मिळणार असेल, ऑर्डर यायला वेळ लागणार असेल तर हे छोटं खाणं अजिबात टाळू नका.

सावधान: हे छोटं खाणं जेवणाच्या हिशोबात धरा. बाहेरचं जेवण जसंच्या तसं आणि वर हे, असं केलं तर फायदा नाही.

## ४. टेबलवरची पहिली १० मिनिटं

ऑर्डर द्यायच्या आधीच तीन-चारशे कॅलरी जाऊ शकतात, फुकट आलेला ब्रेड, मधोमध ठेवलेले चिप्स, वेलकम ड्रिंक यातून. ते तुमच्यापासून लांब, टेबलच्या दुसऱ्या टोकाला सरकवा. बाकीच्यांना खायचं असेल तर खाऊ द्या. खायचंच असेल तर एक तुकडा स्वतःच्या प्लेटमध्ये घेऊन खा, टोपलीतून थेट नको.

पेयं नीट बघा. ३३० मिलिलीटर कोलाच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, १४० कॅलरी, आणि त्याने पोट भरत नाही. फ्रेश ज्यूसलाही हेच लागू, फळाचा आहे म्हणून त्यातली साखर कमी होत नाही. दारूच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, १५० मिलिलीटर वाइन १२० च्या आसपास, ४५ मिलिलीटर हार्ड ड्रिंक १०० च्या आसपास, वर मिक्सर गोड असेल तर तो वेगळा. पण दारूचा मोठा त्रास कॅलरीचा नाही, दोन पेगनंतर ठरवलेलं काही लक्षात राहत नाही हा आहे. प्यायची असेल तर जेवण समोर आल्यावर सुरू करा, रिकाम्या पोटी नको, आणि मध्ये पाण्याचा एक ग्लास.

सुरुवातीला काही हवंच असेल तर क्लिअर सूप मागवा. २००७ मधल्या एका अभ्यासात जेवणाआधी कमी कॅलरीचं सूप प्यायलेल्यांनी सूप धरूनही त्या जेवणात साधारण २० टक्के कमी कॅलरी खाल्ल्या. क्रीमचं सूप यात येत नाही.

## ५. ऑर्डर: पहिली तुमची, आणि स्पष्ट शब्दांत

शक्य असेल तर सगळ्यात आधी तुम्ही ऑर्डर द्या. शेवटी दिली तर आधीच्या चार जणांचं ऐकून मन पालटतं. मेनू परत उघडायची गरज नाही, फोनमध्ये बघा आणि सांगा.

सांगताना "जरा हेल्दी करा", "तेल कमी टाका" असं मोघम बोलू नका, किचनमध्ये त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापला लावतो. करता येईल अशी एकच नेमकी गोष्ट सांगा:

"सॉस आणि ड्रेसिंग वेगळ्या वाटीत द्या."
"वरून बटर घालू नका."
"फ्राइजच्या जागी उकडलेल्या भाज्या मिळतील का?"
"हाफ प्लेट आहे का?"

एका पदार्थात जास्तीत जास्त दोन बदल सांगा. पाच बदल सांगितले की निम्मे विसरले जातात आणि तुम्हालाही कटकट होते. पाच बदल करावे लागत असतील तर पदार्थच चुकीचा निवडलाय, दुसरा घ्या. वेटरने ऑर्डर परत वाचून दाखवली तर हे बदल त्यात आले का ते ऐका, नाही वाचली तर तुम्हीच विचारा. लाजायचं कारण नाही, ॲलर्जीवाले लोक रोज विचारतात, वेटरना याची सवय असते.

सगळ्यांनी शेअर करायचं ठरलं असेल तर त्यात निदान एक भाजीचा आणि एक प्रोटीनचा पदार्थ तुम्ही सुचवा. टेबलवर सगळंच तळलेलं आलं तर कितीही कंट्रोल असला तरी काही करता येत नाही.

## ६. प्लेट आली की पहिल्या घासाच्या आधी

ही स्टेप अर्ध्या मिनिटाची आहे पण नेमकी हीच विसरली जाते. प्लेट समोर आली की थांबा. बदल झालेत का बघा, सॉस वरूनच ओतून आला असेल तर शांतपणे परत द्या. मग पोर्शन बघा. अर्ध्या प्लेटमध्ये भाज्या, पाव भागात प्रोटीन, पाव भागात भात, पास्ता, बटाटा, ब्रेड जे काय असेल ते, असं असायला हवं. हॉटेलच्या प्लेटमध्ये बहुतेक वेळा उलटं असतं. जास्तीचा भाग एका बाजूला करा, किंवा खायला सुरुवात करायच्या आधीच पार्सलचा डबा मागवून त्यात घाला. "उरलं तर पॅक करू" म्हटलं की काही उरत नाही.

सावधान: पॅक केलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, कडक उन्हाळ्यात तासाभरात. जेवणानंतर अजून तीन ठिकाणी फिरणार असाल तर पॅक करू नका, पहिल्यापासून कमी मागवा.

सॉसचं तंत्र असं: वाटीतला सॉस पदार्थावर ओतायचा नाही. काट्याचं टोक आधी सॉसमध्ये बुडवायचं, मग त्याने घास उचलायचा. प्रत्येक घासाला चव लागते आणि शेवटी वाटीत अर्ध्याहून जास्त सॉस तसाच उरलेला दिसतो. मेयोनेजचा एक मोठा चमचा जवळपास १०० कॅलरीचा असतो, म्हणजे उरलेला सॉस ही छोटी गोष्ट नाही.

## ७. खाताना

भाज्या आणि प्रोटीन आधी, भात-ब्रेड नंतर. पोट भरल्याचं कळायला साधारण २० मिनिटं लागतात, त्यामुळे जेवण दहा मिनिटांत संपवलं तर मेंदूला कळायच्या आधीच प्लेट रिकामी. गप्पा मारा, घास चावून खा. अर्धं संपलं की चमचा खाली ठेवून स्वतःला विचारा, भूक आहे की चव आवडतीये म्हणून खातोय? चव आवडतीये म्हणून दोन घास जास्त खाल्ले तर काही बिघडत नाही, फक्त ते कळून खा.

पोट भरलं की नॅपकिन प्लेटवर ठेवा आणि प्लेट उचलायला सांगा. समोर राहिली तर गप्पांच्या नादात हात जातोच.

कोणी आग्रह केला तर मोठं स्पष्टीकरण देऊ नका. "डाएटवर आहे" म्हटलं की टेबलवर अर्धा तास तुमच्या वजनावर चर्चा होते. "मस्त होतं, पोट भरलं" एवढं पुरतं. परत आग्रह झाला तर हेच वाक्य पुन्हा, हसून. लोक दोनदा विचारतात, तिसऱ्यांदा विषय बदलतो.

बफे असेल तर प्लेट न घेता आधी एक पूर्ण चक्कर मारा, सगळं बघा, मग काय घ्यायचं ते ठरवा. दोन फेऱ्या, पहिली भाज्या आणि प्रोटीनची, दुसरी आवडीच्या गोष्टींची. काउंटरपासून लांब बसा. पैसे वसूल करायला म्हणून खाऊ नका, ते पैसे खाल्लं तरी गेले आणि नाही खाल्लं तरी गेले.

गोडाचं स्टेप २ मध्ये ठरलंय तेच करा. खायचं ठरलं असेल तर टेबलसाठी एक मागवा, तीन-चार घास चवीने खा. पहिल्या दोन घासांना जेवढी मजा येते तेवढी सातव्याला येत नाही.

## ८. त्याच रात्री नोंद करा

ॲप असो की वही, झोपायच्या आधी लिहा. नेमकं कळत नाही म्हणून लिहीतच नाही, ही चूक फार जण करतात. अंदाज चालतो, पण तेलाचे दोन चमचे वेगळे धरून आणि वर २० टक्के घालून. अंदाज बहुतेक वेळा कमीच्या बाजूला चुकतो: १९९२ मध्ये अमेरिकेत "आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही" म्हणणाऱ्या लोकांचं खाणं तपासलं तर ते खऱ्या खाण्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते. खोटं बोलत होते असं नाही, लक्षातच राहत नाही. चार चिप्स, मित्राच्या प्लेटमधला घास, गोडाचा चमचा, हे सगळं लिहा.

## ९. दुसऱ्या दिवशीचा काटा

सकाळी वजन एक-दीड किलो जास्त दिसू शकतं, आणि इथेच खूप लोक हरतात. दीड किलो चरबी वाढायला साधारण ११,५०० कॅलरी गरजेपेक्षा जास्त खाव्या लागतात, एका जेवणात ते होत नाही. जे दिसतंय ते मुख्यतः पाणी आहे. हॉटेलच्या जेवणात मीठ जास्त असतं, ते पाणी धरून ठेवतं, आणि जास्तीचं कार्ब शरीरात ग्लायकोजेन म्हणून साठतं तेव्हा एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणीही साठतं. शिवाय कालचं अन्न अजून पोटातच असतं. दोन-चार दिवसांत हे उतरतं.

त्या दिवशी काय करायचं: पुढचं जेवण नेहमीच्या वेळेला, नेहमीएवढं. पाणी नेहमीसारखं. चालायला जा, पण शिक्षा म्हणून दोन तास व्यायाम नको. नाश्ता गाळू नका, त्याने संध्याकाळी परत तेच चक्र सुरू होतं.

महत्त्वाचं: बाहेर खाल्ल्यावर उलटी काढावीशी वाटणं, जुलाबाची औषधं घ्यावीशी वाटणं, किंवा खायला सुरुवात केली की थांबताच न येणं, असं होत असेल तर कॅलरी मोजणं बाजूला ठेवा आणि डॉक्टर किंवा मानसोपचार तज्ज्ञांना भेटा. हा इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, यावर उपचार आहेत आणि लवकर गेलं तर बरं पडतं.

## १०. महिन्याने तपासा

रोज वजन करत असाल तर सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीचीच तुलना करा, एकेका दिवसाची नको. सलग चार आठवडे सरासरी अजिबात खाली येत नसेल तर बाहेरच्या जेवणाच्या नोंदी काढून बघा. सहसा तीनपैकी एक गोष्ट सापडते: खास जेवणं ठरवल्यापेक्षा जास्त झालीत, पेयं लिहिलेली नाहीत, किंवा रुटीनच्या जेवणात तेलकट पदार्थ घुसलेत. जी सापडेल तेवढीच एक बदला आणि पुढचे चार आठवडे बघा. तिन्ही एकदम बदलायला गेलात तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.